पुणे ते न्यू जर्सी : इंटरनेटवर एकत्र का गाता येत नाही?

षड्जपंचम

मी पुण्यात शास्त्रीय गाणं शिकवते. काही विद्यार्थी परदेशात आहेत. त्यातली एक न्यू जर्सीला असते, तिचा क्लास व्हिडिओ कॉलवर होतो. मी गाऊन दाखवायचं, मग तिने गायचं, मी सुधारायचं, इथपर्यंत काही अडचण नाही. पण दोघींनी मिळून बंदिश म्हणायला घेतली की दुसऱ्या आवर्तनातच ठेका कोलमडतो. मी तिच्यासाठी थांबते, ती माझ्यासाठी थांबते आणि लय खाली खाली जात राहते. दुसरी गोष्ट तंबोऱ्याची. कॉल सुरू झाला की तिला थोडा वेळ तंबोरा ऐकू येतो, मग तो विरून जातो. माझा आवाज मात्र स्वच्छ येत असतो.

इंटरनेटवाल्यांनी जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला सांगितलं. घेतला. चित्र सुधारलं, गाण्यात काडीचा फरक पडला नाही. इथे दूरसंचारातली बरीच जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते : ही अडचण पैसे टाकून सुटणारी आहे, की मुळातच तसं आहे? नुसतं ‘लेटन्सी’ (म्हणजे पोहोचायला लागणारा उशीर) एवढं उत्तर नको. आवाज इथून निघून तिथे पोहोचेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते मला समजून घ्यायचं आहे.

कोअर_बारा

षड्जपंचमताई, मुळातच तसं आहे. आकडे मांडतो, म्हणजे पटेल.

तुमचा आवाज समुद्रापलीकडे जातो तो प्रकाशाच्या रूपात, काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. काचेत तो कमी होतो, कारण तंतूच्या काचेचा अपवर्तनांक (निर्वाताच्या मानाने प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.४७ च्या आसपास असतो. म्हणजे काचेत सेकंदाला जेमतेम २ लाख किलोमीटर. पाठ करायला सोपा हिशोब : दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद.

पुण्याहून न्यू जर्सी जमिनीलगत मोजलं तरी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. त्याचे झाले ६२ मिलिसेकंद, एका बाजूचे. पण केबल अशी सरळ जात नाही. मुंबई, अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्तमधून जमिनीवरून, भूमध्य समुद्र, युरोप आणि मग अटलांटिक, असा वळसा असतो. प्रत्यक्षात जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात.

आता हे तुमच्या तालात बसवून बघा. तुम्ही सम गाठलीत. ती शिष्येला १०० मिलिसेकंदांनी ऐकू आली. तिने अगदी अचूक तिच्यावर सम घेतली. ती तुमच्यापर्यंत यायला आणखी १००. त्यात दोन्हीकडच्या फोनचा आणि अ‍ॅपचा प्रक्रियेचा वेळ मिळवला की २५० ते ३०० मिलिसेकंद सहज होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे शिष्या बिनचूक गात असूनही तुम्हाला ती अर्धी मात्रा मागे वाटणार. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत पुरी एक मात्रा मागे. तुम्ही तिला सांभाळायला थोडं थांबता, तिला ते तुमचं थांबणं १०० मिलिसेकंदांनी कळतं, मग ती थांबते. लय खाली उतरत जाते ती यामुळे. चूक तुम्हा दोघींपैकी कुणाचीच नाही.

प्लॅनचा वेग म्हणजे एका सेकंदात किती बिट पाठवता येतील ते. पहिला बिट पलीकडे कधी पोहोचेल, ते प्लॅन ठरवत नाही. म्हणून चित्र सुधारलं आणि ठेका तिथेच राहिला.

रेवाकाठ

पण परदेशचे कॉल उपग्रहातून जातात ना? आमच्या लहानपणी काका दुबईहून फोन करायचे तेव्हा बोलणं मध्ये अडकायचं, सगळे म्हणायचे सॅटेलाइटमुळे होतंय.

टेलिफोनवाले_काका

तेव्हा जायचे, आता जवळपास नाहीत. मी दूरसंचारात नोकरी केली, त्यातली काही वर्षं परदेशच्या ट्रंकवर (लांबच्या फोनच्या मार्गांवर) होतो, त्यामुळे हा बदल डोळ्यांदेखत झाला.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी गाव आहे. तिथे १९७१ मध्ये भारताचं परदेशी दळणवळणाचं पहिलं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावावरून त्याला ‘विक्रम’ म्हणतात. जवळपास ३० मीटर व्यासाची ती तबकडी पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा मान वर करून किती वेळ उभा होतो, ते सांगता येणार नाही. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तिचं तोंड असायचं.

हा उपग्रह भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथे एक फेरी पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळात होते, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एका जागी स्थिर दिसतो आणि तबकडीला त्याचा पाठलाग करावा लागत नाही. पण वर जायला ३६ हजार आणि खाली यायला ३६ हजार किलोमीटर. आवाज पोहोचायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. ‘हॅलो’ म्हटल्यावर अर्धा सेकंद काहीच आलं नाही की माणूस पुन्हा ‘हॅलो’ म्हणतो, आणि नेमकं त्याच वेळी पलीकडचं उत्तर येऊन धडकतं. रेवाताई, तुमच्या काकांचं बोलणं अडकायचं ते बहुधा असंच. शिवाय स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू यायचा. तो दाबायला वेगळी यंत्रं लावावी लागत.

त्याआधीची गोष्टही पुण्याजवळचीच आहे. १९२७ मध्ये खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण, अशी लघुलहरींची बीम वायरलेस सेवा इंग्लंडशी सुरू झाली. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन पलीकडे उतरतात. तो थर दिवसा वेगळा, रात्री वेगळा, म्हणून ऑपरेटरला वेळेनुसार तरंगलांबी बदलावी लागे. आणि त्याच्याही आधी, १८७० मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन तारेची केबल समुद्रात टाकली होती. समुद्राच्या तळातून आपण सुरुवात केली, मग हवेत गेलो, मग अंतराळात आणि आज पुन्हा समुद्राच्या तळाशी आहोत. फरक इतकाच की तेव्हा तांबं होतं, आता काच.

कोअर_बारा

काका, आर्वीबद्दल सविस्तर लिहाच, वेगळा धागा काढा.

काचेचा विषय निघालाच आहे तर तिची कहाणी सांगतो. मला हा विषय मनापासून आवडतो.

प्रकाश काचेत कोंडून वाकवत नेता येतो, हे जुनं ज्ञान आहे. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. पण ते अंतर हातभर. शरीराच्या आत डोकावायला उत्तम, दूरसंचाराला निरुपयोगी. कारण साठच्या दशकातल्या चांगल्या काचेतही २० मीटर गेल्यावर शंभरातला एकच भाग प्रकाश शिल्लक राहायचा. १ किलोमीटर गेल्यावर काय उरणार? काहीही नाही.

१९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे. लोखंड, तांबं अशा धातूंचे सूक्ष्म अंश प्रकाश गिळतात. ते काढले आणि १ किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला, तरी टेलिफोनसाठी तेवढं पुरे. तेव्हा हे अनेकांना अशक्य वाटलं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगमध्ये मॉरर, केक आणि शुल्त्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. आज तोच शंभरातला एक भाग १०० किलोमीटरनंतर उरतो! २० मीटरवरून १०० किलोमीटर. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

ही काच वाळू वितळवून होत नाही. सिलिकॉनच्या शुद्ध संयुगाची वाफ आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून ती थराथराने जमवतात, मग तापवून तंतू ओढतात. मधला गाभा ८-९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बाहेरचं आवरण धरून १२५ मायक्रॉन. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून प्रकाश आतच राहतो.

आता जो थोडा प्रकाश वाया जातो तो मुख्यतः रॅले विकिरणामुळे, म्हणजे प्रकाश इकडेतिकडे विखुरल्यामुळे. आकाश निळं दिसतं तेही याच विकिरणामुळे. लहान तरंगलांबी जास्त विखुरते, मोठी कमी. म्हणून तंतूतला प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, १५५० नॅनोमीटरच्या जवळचा अवरक्त असतो. त्याहून बरंच पुढे गेलं तर काच स्वतःच प्रकाश शोषू लागते. हा त्यातला सुवर्णमध्य.

समुद्रात दर ६० ते १०० किलोमीटरवर रिपीटर (क्षीण झालेला प्रकाश पुन्हा वाढवणारं यंत्र) असतो. पूर्वी त्यात प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला तंतू वापरून प्रकाश थेट वाढवून दाखवला. बेल लॅब्जमध्येही त्याच सुमाराला हे जमलं. अर्बियमचा पट्टा नेमका १५५० च्या आसपास पडतो, ही निसर्गाची मोठी कृपा! एकाच तंतूतून डझनावारी वेगवेगळ्या तरंगलांबी जातात आणि एकच प्रवर्धक त्या सगळ्या एकदम वाढवतो. रिपीटरला वीज केबलमधल्याच तांब्यातून, किनाऱ्यावरून हजारो व्होल्टने पुरवतात.

१९५६ च्या पहिल्या अटलांटिक टेलिफोन केबलवर सुरुवातीला एका वेळी ३६ कॉल होत. १९८८ ची पहिली काचेची अटलांटिक केबल ४० हजारांसाठी होती. क्षमतेत उपग्रह मागे पडले ते इथून. खोल समुद्रात या केबलची जाडी असते सुमारे २ सेंटीमीटर. भारतात अशा बहुतेक केबल मुंबईला आणि चेन्नईला किनाऱ्याला लागतात. मुंबईत वर्सोव्याला बऱ्याच आहेत.

ध्वनिलहर

तंबोऱ्याचं मी सांगते, माझं काम आवाजाच्या प्रक्रियेतलं आहे.

माइकमध्ये आवाज गेला की आधी त्याची मोजणी होते. जुन्या डिजिटल टेलिफोनीत सेकंदाला ८००० वेळा, दर वेळी ८ बिट. गुणाकार केला की ६४ हजार बिट सेकंदाला. ८००० च का? कारण टेलिफोनने आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा घेतला होता, आणि सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं तर मूळ लहर पुन्हा तंतोतंत उभी करता येते. बोलणं समजायला एवढा पट्टा पुरतो, गाण्याला नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा मध्य सा २०८ हर्ट्झच्या आसपास, खर्जाची तार १०४. दोन्ही ३०० च्या खाली, म्हणजे छाटलेच गेले. तरी फोनवर सा ओळखू येतो, कारण मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांवरून मेंदू मूळ स्वर स्वतः रचून घेतो. मला आजही याचं आश्चर्य वाटतं.

मोबाइलमध्ये ६४ हजार बिट परवडत नाहीत. हवेतली जागा मोजकी आणि महाग असते. म्हणून मोबाइल तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेऊन तो ठरवतो की या क्षणी घसा, तोंड, जीभ यांची पोकळी कशी होती आणि स्वरयंत्राने तिला कसा धक्का दिला. पाठवायची ती ही माहिती. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्याने घडवतो. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत बिष्णू अटल आहेत. कानपूरला जन्म, पुढे बेल लॅब्ज. १९८५ मध्ये त्यांनी आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी मांडलेल्या तंत्राची वंशज मंडळी आज जवळपास प्रत्येक मोबाइल कॉलमध्ये आहेत. व्होल्टीईवर (४जीवरून होणाऱ्या कॉलमध्ये) ५० ते ७००० हर्ट्झचा पट्टा अवघ्या १२.६५ हजार बिटांत बसवतात.

आता या पद्धतीचं गृहीतक पाहा : एक माणूस, एक घसा. गळ्याच्या जोडीला तंबोरा, टाळ, मृदंग आले की हे गृहीतक मोडतं. फोनवर भजन ऐकवलं की टाळ चिरकतात त्याचं हे एक कारण.

तुमच्या व्हिडिओ कॉलमध्ये मात्र गुन्हेगार दुसरा आहे. इंटरनेटवरच्या कॉलसाठी बऱ्याच ठिकाणी आवाजाची माहिती आटोपशीर करणारं ‘ओपस’ हे तंत्र वापरतात. ते २०१२ मध्ये प्रमाणित झालं आणि त्यात संगीतासाठी वेगळी सोय आहे. पण आवाज तिथे पोहोचण्याआधीच अ‍ॅपमधलं गोंगाट काढणारं तंत्र त्याच्यावर बसलेलं असतं. जे सतत, एकसारखं चालू आहे तो पंखा किंवा एसी, आणि जे बदलतं ते बोलणं, असा त्याचा ढोबळ न्याय. थोडा वेळ ऐकून ते ठरवतं की तंबोरा हा पंखा आहे! म्हणून तो विरतो. दोघी एकदम गायलात की प्रतिध्वनी काढणारं तंत्र एकीचा आवाज दाबतं, ते आणखी वेगळं.

यावर उपाय आहे. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करा, दोघींनी तारेचे हेडफोन लावा. आणि तंबोरा शिष्येने तिच्याकडेच लावावा, तिच्या पट्टीत. सततचा सा पुण्याहून नेण्यात काहीच मिळकत नाही.

षड्जपंचम

तंबोऱ्याला पंखा समजतात हे वाचून खरोखर वाईट वाटलं, पण आता कळलं. तुम्ही सगळे इतक्या आस्थेने लिहिताय, फार आभार. मग ५जी घेतलं तर निदान थोडा तरी फरक पडेल का?

कोअर_बारा

हवेतला भाग फक्त फोनपासून टॉवरपर्यंत, फार तर काही किलोमीटर. त्यापुढे फायबर, नाहीतर आधी एखाद-दुसरी मायक्रोवेव्हची (टॉवरवरून टॉवरवर बिनतारी) उडी आणि मग फायबर. ४जीमध्ये वेळेचे १ मिलिसेकंदाचे कप्पे असतात, ५जीमध्ये त्याहून लहान. तुमच्या फोनची पाळी लवकर येते, थोडे मिलिसेकंद वाचतात. तुमच्या ३०० मध्ये ते जाणवणार नाहीत.

त्यापेक्षा जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅपमधला राखीव साठा. आवाज पाकिटांत तुटून जातो. पाकिटं एका लयीत निघाली तरी एका लयीत पोहोचत नाहीत, वाटेत राउटरमध्ये रांगेत थांबतात. आवाज तुटू नये म्हणून पलीकडचं अ‍ॅप काही पाकिटं जमू देतं आणि मग वाजवायला लागतं. वायफाय जितकं लहरी, तितका हा साठा मोठा. ब्लूटूथ हेडफोन असेल तर त्याचे शंभरच्या वर मिलिसेकंद वेगळेच.

अपरांत

मी रत्नागिरीकडे फायबरची जोडणी करतो, म्हणून थोडं जमिनीवरचं.

समुद्रात केबल तुटतात त्या बहुतेक नांगर आणि मासेमारीच्या जाळ्यांमुळे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि आपल्याकडचं इंटरनेट मंदावलं होतं. आमच्याकडे नांगराचं काम जेसीबी करतो. रस्त्याचं रुंदीकरण निघालं की फोन यायला लागतात.

तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र लावतो. एका टोकाने प्रकाशाचा छोटा ठोका सोडायचा. वर ज्या विकिरणाचं लिहिलंय, त्यातला थोडा प्रकाश मागे परततो, तो यंत्र मोजत राहतं. जिथे तंतू तुटलाय तिथे आलेख एकदम खाली पडतो. १०० मायक्रोसेकंदांनी पडला तर जाऊन-येऊन २० किलोमीटर, म्हणजे तूट १० किलोमीटरवर. पण हे अंतर तंतूचं, रस्त्याचं नाही. जागोजागी गुंडाळून ठेवलेली जादा केबल वजा करावी लागते, आणि ते जुन्या माणसांना माहीत असतं.

मग जोडणी. रंग बघून कोअर (केबलमधला एकेक तंतू) लावायची, निळ्याला निळी, नारिंगीला नारिंगी. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचं. स्प्लायसिंग मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतं. गाभा ९ मायक्रॉनचा, त्यामुळे धुळीचा एक कण आला तर जोड फुकट. पावसात ताडपत्रीखाली, घाटात बसून हे करायचं. तुमच्यातलं कुणी कॉलवर असताना लाइन परत येते तेव्हा बरं वाटतं.

रेवाकाठ

अपरांत, हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाटला. एक शेवटची शंका : खालून उडणाऱ्या नव्या उपग्रहांनी हा उशीर कमी नाही का होणार?

कोअर_बारा

प्रश्न चांगला आहे. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असतात, त्यामुळे काकांनी सांगितलेला पाव सेकंद तिथे नाही. ते एकमेकांशी लेझरने बोलतात, आणि तो प्रकाश काचेतून नाही, निर्वातातून जातो. साडेबारा हजार किलोमीटर निर्वातात ४२ मिलिसेकंदांत पार होतात. लांबच्या अंतराला हे काचेपेक्षा तत्त्वतः लवकर. पण वाहून नेण्याची क्षमता समुद्री केबलच्या जवळपासही येत नाही.

आणि गाण्यासाठी तरीही पुरत नाही. एकमेकांच्या आवाजावर लय धरायची तर एका बाजूचा उशीर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पृथ्वीच्या पोटातून सरळ बोगदा खणला आणि त्यात निर्वात केलं, तरी तो १०,६०० किलोमीटरचा होईल आणि प्रकाशाला त्यात ३५ मिलिसेकंद लागतील. यापुढे कुठलंही तंत्रज्ञान आलं तरी हा आकडा कमी होणार नाही.

हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे ३० मिलिसेकंद म्हणजे १० मीटर. लांब दिंडीत पुढच्या टाळकऱ्यांचा आणि मागच्यांचा टाळ सरकलेला ऐकू येतो ना, तेच हे.

षड्जपंचम

मग नागपूरची एक विद्यार्थिनी आहे, तिच्याबरोबर जमेल?

कोअर_बारा

हो, तिथे भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने आहे. वळसे धरून १००० किलोमीटर फायबर धरलं तरी एका बाजूचे ५ मिलिसेकंद. उरलेले २० घरातल्या उपकरणांत न घालवणं एवढंच करायचं. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप नको. जॅकट्रिप किंवा जॅम्युलस ही खास एकत्र संगीत करण्यासाठीची मोफत साधनं आहेत. संगणकाला राउटरपासून केबल लावा, वायफाय नको. माइक आणि हेडफोन दोन्ही तारेचे, शक्य झालं तर साध्या ऑडिओ इंटरफेसमधून (माइक-हेडफोन संगणकाला जोडणारी छोटी पेटी).

ध्वनिलहर

आणि तिथे आवाजाची माहिती आटोपशीर करून पाठवायचीही गरज नाही. सेकंदाला ४८,००० वेळा १६ बिटने मोजलं तरी एका आवाजाला ७६८ किलोबिट होतात, साधं घरगुती फायबर त्याला पुरतं. फक्त त्या वेळात घरात कुणी मोठी फाइल चढवत-उतरवत नसावं, नाहीतर तुमची पाकिटं राउटरमध्ये तिच्या मागे रांगेत उभी राहतील. पहिल्या दिवशी बंदिश घेऊ नका. एकीने हाताने ताल द्यायचा, दुसरीने नुसती सरगम म्हणायची, आणि साधनातला पाकिटांचा राखीव साठा कमी कमी करत आवाज तुटायला लागेल त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं.